थोडं ओठांचं, थोडं हातांचं

५ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझा फोन महिनाभर नुसता वाजतोय आणि तू काही उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद काढला. याआधी तुला पत्र लिहिलं ते शाळेत असताना, तेही आईने मानगुटीवर बसून लिहून घेतलं म्हणून. तेव्हा अक्षराला हसू नकोस. औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून माझंही अक्षर त्यांच्याच वळणावर गेलंय.

भिंगरी मजेत आहे. चार वर्षांची होईल आता. कानातलं यंत्र कुरकुर न करता लावून घेते, पण त्यातून फारसं काही पोचत नाही. दार धाडकन आपटलं तर वळते, एवढंच. तू सांगितलेलं सगळं मी करते आहे. आरशासमोर गालाला गाल लावून बसतो. 'प' म्हटलं की मेणबत्तीची ज्योत हलते आणि 'म' म्हटलं की हलत नाही, हे तिला इतकं आवडलंय की ती 'प' आणि 'म' दोन्ही सोडून नुसती फुंकर मारते आणि स्वतःच टाळ्या पिटते. माझ्या गळ्यावर हात ठेवायचा, मी 'का' म्हणायचं, मग तोच हात तिच्या गळ्यावर, हेही रोज चालू आहे. अजून तिचा आवाज निघालेला नाही.

आता मुद्द्याचं. तू जिथे शिकवायचीस त्या न ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत जाऊन आले. मोठ्या बाईंनी प्रेमाने बसवून घेतलं. नव्या वर्गात एकच जागा आहे आणि तू शिफारस केलीस तर ती आपली. तुझ्या पत्रात फक्त एवढं हवं की घरी मुलीशी ओठांनी आणि आवाजानेच बोलतात, हातवारे नाहीत. हातांची सवय लागली की मूल बोलायचे कष्ट घेत नाही, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. मावशी, ही जागा गेली तर दुसरी अशी शाळा मला माहीत नाही. लिहिशील ना?

आप्पा, म्हणजे माझे सासरे, आता आमच्याकडेच राहायला आलेत. आरा गिरणीतून सुटले, पण अजून घरात ओंडके कापायचे असल्यासारखे पहाटे उठतात. नातीशी त्यांचं चांगलं मेतकूट जमलंय.

तुझी,
ठमा


१४ जानेवारी

ठमाबाई,

फोन बिघडलाय. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणतो आणि त्याचा उद्या काही उगवत नाही. असू दे. पत्रात माणूस जरा विचार करून बोलतं, फोनवर तू एका दमात चार विषय काढतेस.

शिफारस लिहायला मला आनंदच आहे, पण डोळे मिटून मी कुणासाठीच लिहिलेली नाही, तेव्हा भाचीसाठीही लिहिणार नाही. एकदा येऊन पाहीन. तोवर नेम मोडू नकोस. उजेड तुझ्या तोंडावर पडेल अशी बस, खिडकी तुझ्या पाठीला नको. ओरडून बोलू नकोस, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. आणि हात मांडीवर. तुझेही आणि तिचेही. ती बोटाने पाणी दाखवेल, तेव्हा तुझा हात आपोआप पेल्याकडे जाईल, मला ठाऊक आहे. तरी लगेच पेला पुढे करायचा नाही. ओठ हलेपर्यंत थांबायचं.

'का'पासूनच का सुरुवात, असं तू मागे विचारलं होतंस. मुलाला एकदा प्रश्न विचारता आला की बाकीचं जग ते स्वतः मागून घेतं, म्हणून. बाकी 'का' ओठांवर फार दिसत नाही, पण गळ्यात छान कळतो. धीर धर. आवाज निघेल.

तुझ्या सासऱ्यांना नमस्कार सांग. आजोबा मंडळी लाडाने पद्धतीचा पार चुथडा करतात, त्यांच्यावर जरा नजर ठेव.

मावशी


२५ जानेवारी

प्रिय मावशी,

खिडकी पाठीला नाही. हात मांडीवर आहेत. सगळं तू सांगतेस तसंच.

काल एक गंमत झाली. मी आरशात 'बाबा' म्हटलं तर हिने भिंतीवरच्या तिच्या मामाच्या फोटोकडे बोट दाखवलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा मामा. मग मी स्वतः आरशात बघत दोन्ही म्हणून पाहिलं. खरंच गं, बाबा आणि मामा ओठांवर अगदी सारखेच दिसतात. तिच्या बाबाला हे सांगितलं तर तो म्हणाला, आता घरात माझी एवढीही ओळख उरली नाही. छापखान्यातून येताना तो हल्ली तिच्यासाठी कागदाच्या रंगीत पट्ट्या आणतो. मी त्यांवर चित्रं काढते, आधी आंघोळ, मग दुकान, मग बाबा येणार, अशी ओळीने. पद्धतीत चित्रं चालतात ना?

तू कधी येतेस ते कळव. आप्पा बाहेर निघालेत, पत्र त्यांच्याच हाती पोस्टात टाकते.

तुझी,
ठमा

(त्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने)

विहीणबाईंना सादर नमस्कार.

सूनबाईने पाकीट बंद केलं नव्हतं म्हणून दोन ओळी घालतो. आपण भिंगरीच्या शिक्षणात लक्ष घालता याचं फार समाधान वाटतं. आपणांस कळवायला आनंद होतो की पोर आता भडाभडा बोलू लागली आहे. आमच्या गिरणीत करवतीच्या आवाजापुढे कान काही कामाचे नव्हते. सगळा कारभार हातांवर चालायचा. तेच मी तिला शिकवलं. अंगठा ओठाला लावला की पाणी. मूठ वर केली की थांब. पोटावर थाप, जेवणाची सुट्टी. मिशीला पीळ दिला की मुकादम आला, कामाला लागा. आपला फोटो दाखवला की भिंगरी मिशीला पीळ देते. तिची आई आपल्या पत्राला किती घाबरते ते तिने ओळखलं असावं. राग नसावा.

आपला,
भिंगरीचा आजोबा


२ फेब्रुवारी

ठमे,

तुझ्या पाकिटात दोन पत्रं निघाली. दुसरं तू वाचलेलं दिसत नाही, नाहीतर ते माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. सोबत परत पाठवते. वाच.

मला मिशी आहे याचा राग नाही. वर्गावर याहून वाईट नावं मिळवली आहेत मी. राग याचा की 'हात मांडीवर आहेत' असं तू मला लिहिलंस. कुणाच्या मांडीवर होते?

सकाळी आरसा, दुपारी गिरणी, संध्याकाळी चित्रांच्या पट्ट्या. आमच्या क्षेत्रात याला भारदस्त नाव आहे, सारसंग्रह. हा पंथ थोडा, तो पंथ थोडा, ज्याच्यातलं जे आवडेल ते उचलायचं. बोलताना छान वाटतं. पण एखाद्या शिक्षिकेच्या अहवालात 'सारसंग्राही दृष्टिकोन' असं लिहून आलं, तर आम्ही त्याचा अर्थ एवढाच घ्यायचो की बाईंना एक काही धड येत नाही. मूल मग ना धड इकडचं राहतं, ना धड तिकडचं. तुझ्या पोरीचं तसं झालेलं मला बघवणार नाही, म्हणून एवढं टाकून बोलते.

पुढच्या शनिवारी येते. कुणी स्टँडवर यायची गरज नाही.

मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

तू गेल्यावर मी ठरवलं होतं की पत्र लिहायचंच नाही. आज लिहिते आहे, कारण मनात ठेवलं तर ते सडेल.

तू येणार म्हणून मी भिंगरीला हातांवर बसायला शिकवलं. हो, मीच. हात मांडीखाली दाबून ती खुर्चीत बसली होती आणि तुझ्याकडे, माझ्याकडे, परत तुझ्याकडे बघत होती. आप्पांनी दोन्ही हात खिशात घातले होते. घर आजाऱ्याचं असावं तसं झालं होतं. आणि तू घुम्यासारखी बसलीस. आप्पांनी मागून दोनदा चहा विचारला, तू उत्तर दिलं नाहीस. मी स्वयंपाकघरातून माफी मागत होते, तू भिंतीकडे बघत राहिलीस. मी खोटं लिहिलं, ती चूक माझी. पण आप्पांनी तुझं काय बिघडवलं होतं?

आणि निघताना. तू दाराशी वाकून चपला घालत होतीस. भिंगरी खुर्चीवरून उतरली, तुझ्या मागे जाऊन उभी राहिली, मिशीला पीळ दिला, दुसरा हात गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "का?" मावशी, आवाजात म्हणाली. जाडसर, खरखरीत, पण सरळ 'का'. मावशीआजी का जाते, एवढंच विचारत होती ती. तू वळली नाहीस. जिना उतरून गेलीस. ती किती वेळ तशीच दाराकडे बघत उभी होती.

हातांसकट म्हणाली म्हणून तुला तो 'का' नको होता का?

तुझा तो 'सारसंग्राही' शब्द मी वाचनालयातल्या जाड कोशात पाहिला. अनेक मतांमधून पटेल ते निवडून घेणारा, कुठल्याही एकाशी स्वतःला बांधून न घेणारा, असं लिहिलंय. नावं ठेवण्यासारखं त्यात मला काही सापडलं नाही. तुझी भीती मला कळते. आमच्या दुकानात माणसं येतात, तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकदम गिळतात आणि मग चक्कर येते म्हणून चौथी मागतात. त्याला निवडणं म्हणत नाहीत, तो नुसता ढीग झाला. मीही सुरुवातीला घाबरून ढीगच करत होते. पण मग मी तिच्याकडे बघायला लागले. निवड मी करतच नाही गं. ती करते. पाणी हवं तर अंगठा, कारण ते लांबून चालतं. बाबा कधी येणार ते पट्टीवर, कारण आप्पांच्या हातात 'उद्या' नाही. गिरणीत सगळ्या खुणा आजच्याच कामाच्या. आणि 'का'सुद्धा नाही त्यांच्याकडे. मुकादमाला का म्हणून विचारायची सोयच नव्हती, असं ते म्हणतात. म्हणून 'का' तिने तुझा घेतला.

जागेचं तुला काय लिहायचं ते लिही. मी आता काही मागत नाही.

ठमा


२० फेब्रुवारी

माझ्या बाळा,

मी वळले नाही, कारण मला ऐकू आलं नाही.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता पुढचं लिहिते.

भिंगरीने 'का' म्हटल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या एका अक्षराची मी तुझ्याइतकीच वाट बघत होते, आणि ते माझ्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उमटलं तेव्हा मी चपलेच्या पट्ट्याशी झटापट करत होते. तुझं पत्र हातात घेऊन मी घरात एकटीच रडले. मग पाण्याने तोंड धुऊन पुन्हा वाचलं.

फोन बिघडलेला नाही. कान बिघडलेत. दोन वर्षं झाली. आधी घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, आता समोरच्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येतो. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, जन्मभर मी ओठ वाचायला शिकवलं, मला काय अवघड आहे? ठमे, फार अवघड आहे गं. शेजारीण मान वळवून बोलते. पोस्टमनने दाढी राखली आहे, त्याचं तर मला काहीच कळत नाही, मी नुसती हसून सही करते. अर्धं ओठांवरून घ्यायचं आणि अर्धं अंदाजाने भरायचं, यात संध्याकाळी डोकं दुखून येतं. तुझ्याकडे त्या दिवशी मी घुमी नव्हते. चहाचं विचारलेलं मला ऐकू आलं नाही, तू मागितलेली माफीही नाही. कुणाचं काय चाललंय ते कळत नव्हतं आणि ते कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी भिंत धरून बसले.

त्या अख्ख्या दुपारी मला एकच गोष्ट पहिल्या फटक्यात कळली. तू आत गेलीस तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी हळूच खिशातून हात काढला, खोलीच्या पलीकडून माझ्याकडे बघितलं आणि अंगठा ओठाला लावला. पाणी हवं का? मी मान हलवली, त्यांनी आणून दिलं. मला अंदाज बांधावा लागला नाही, डोळे ताणावे लागले नाहीत. मी ते पाणी प्यायले आणि मला त्यांचा फार राग आला. कारण इतकं सोपं काही तरी मला हवं होतं.

गळ्यावरचा हात मी सोडणार नाही. तो 'का' माझा आहे, गिरणीने त्यावर हक्क सांगू नये. पण 'सारसंग्राही' हा शब्द आता मला तुझ्या कोशासारखा वाचावासा वाटतो. निवडायला समोर दोन गोष्टी तरी लागतात, आणि या दोन वर्षांत मी स्वतःसमोर एकच ठेवली होती.

आता जे केलं ते सांगते. मोठ्या बाईंना काल पत्र टाकलं. त्यात लिहिलं की या घरात मुलीशी ओठांनी, हातांनी आणि चित्रांनी बोलतात, मूल त्यातून स्वतः निवडतं, आणि त्याच मुलीने 'का' म्हटलंय. तिला तिच्या हातांसकट घ्या, अशी मी शिफारस करते. त्या घेणार नाहीत. मी त्यांना ओळखते. खोटं लिहिलं असतं तर जागा मिळाली असती, पण मग पोर रोज शाळेत हातांवर बसली असती. मी तिला तसं बसलेलं पाहिलंय. माझ्याकडून लिहवलं नाही. तुझी जागा मी घालवली, बाळा. तुला काय बोलायचं ते बोल. फक्त लिहून बोल.

मावशी


९ मार्च

माझी बहिरी मावशी,

तुझं पत्र आलं आणि दोन दिवसांनी शाळेचं. भाषा मायेची आहे, उत्तर नाही असं आहे. काउंटरवर उभी राहून वाचलं आणि खोकल्याच्या औषधाऐवजी गिऱ्हाईकाला मलम दिलं. तुझा राग आला, खोटं नाही सांगत. दोन रात्री आला. तिसऱ्या दिवशी भिंगरी खुर्चीत बसली होती, दोन्ही हात हवेत, आप्पांना कसलीतरी लांबलचक तक्रार सांगत होती. बहुतेक माझीच. तिला मी पुन्हा हातांवर बसवू शकले नसते. मग राग गेला. जागा गेल्याचं दुःख आहे अजून, ते राहील थोडे दिवस.

आता ऐक. म्हणजे वाच. आमची मागची खोली रिकामी आहे, उजेड चांगला आहे, खिडकी कुणाच्या पाठीला येत नाही. तू इथे राहायला ये. सकाळी तू तिचा गळा घे, दुपारी आप्पा हात घेतील. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी न ऐकू येणारी माणसं जमतात, खुणांची पूर्ण भाषा शिकवतात. त्यांच्याकडे काल आहे, उद्या आहे, सगळं आहे. मी नावं घालून आले. आपली चौघांची, तुझं, माझं, आप्पांचं आणि भिंगरीचं. आप्पा कुरकुरत होते की एवढं आयुष्य हातांनी बोलून आता पहिलीत बसायचं का. मी म्हटलं, शेजारच्या बाकावर विहीणबाई असतील. मग त्यांनीच नवीन सदरा काढायला सांगितला.

भिंगरीला मी सांगितलं की मावशीआजीचे कान तुझ्यासारखेच आहेत. आधी तिला खरंच वाटेना. मग तिने आपल्या कानातलं यंत्र काढलं आणि तुझ्या फोटोपुढे धरलं. घे म्हणून. बराच वेळ धरून होती.

शनिवारच्या बसने ये. घाईने उतरू नकोस आणि हाकेची वाट बघू नकोस, कुणी हाक मारणार नाही. लांबून एक मुलगी मिशीला पीळ देताना दिसेल. इकडेतिकडे बघू नकोस, ते तुलाच आहे. तू तिथूनच अंगठा ओठाला लाव, आप्पा पाण्याची बाटली घेऊन उभे असतील.

आणि तू का गेली होतीस, ते ती अजून विचारते. रोज. पण आता पाठीमागून नाही विचारत. आधी माझ्या हाताला धरून मला वळवते, माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहते, मग म्हणते. तुझ्याही समोर येईल. उत्तर तूच दे.

तुझी,
ठमा